जुन्या धातूच्या भांड्यात बिअर करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बिअर करायची आहे आणि तीन जुनी भांडी हाताशी आहेत. एक चाळीस लिटरचा दुधाचा कॅन: बाहेरून राखाडी, आत गंजाचे ठिपके, तळाच्या जोडावर मळकट चंदेरी रेघ. दुसरं तांब्याचं मोठं पातेलं, आतली कल्हई बरीचशी उडालेली. तिसरं दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, आत पिवळसर लेप, आणि आधी त्यात काय भरलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. तिन्ही नीट घासून उकळत्या पाण्यानं निर्जंतुक केली तर वापरता येतील का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. पिंप कशालाही वापरू नका. कॅनमध्ये बिअर आंबवू नका, आणि ती चंदेरी रेघ कशाची आहे हे कळेपर्यंत त्यात काही उकळूही नका. तांब्याचं पातेलं तपासणीत उतरलं तर उकळायला चालेल, आंबवायला नाही.

प्रश्नाचा सगळा भर निर्जंतुक करण्यावर आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. जंतू हा यातला सोपा भाग आहे. अल्कोहोल, आम्लता, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे तयार बिअरमध्ये माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. जे तग धरतात ते बिअर आंबट करतात, वास बिघडवतात, म्हणजे नुकसान होतं ते त्या घाण्याचं. खरा धोका धातूतून उतरणाऱ्या शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं यांचा आणि भांड्यात मुरलेल्या जुन्या रसायनांचा. उकळण्यानं यातलं काहीच मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच. उलट उकळताना पाणी उडतं आणि विरघळलेला धातू मागे राहून अधिक दाट होतो.

दुसरी गोष्ट आम्लतेची आणि वेळेची. माल्टमधली (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) साखर पाण्यात उतरवून जो गोड द्रव मिळतो, म्हणजे वर्ट, त्याचा पीएच साधारण ५.२ ते ५.५ असतो. तो तास-दीड तास उकळतो. मग थंड करून यीस्ट घातलं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच पीएच ४.० ते ४.५ वर येतो आणि बिअर त्याच आम्लतेत दोन-तीन आठवडे भांड्यात बसते. मुद्दाम आंबट केलेल्या बिअरचा पीएच ३.२ ते ३.५ पर्यंत जातो; सफरचंदाची सायडर आणि वाइन यांचाही ३ ते ३.८ च्या आसपास असतो. पीएचची मोजपट्टी अशी आहे की ५.३ वरून ४.३ वर येणं म्हणजे आम्लता दहापट होणं. म्हणून एखादं भांडं तासभर उकळायला चालतं, तरी तेच तीन आठवडे आंबवायला चालेलच असं नाही. 'हा धातू सुरक्षित आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं ते यामुळे. कोणता धातू, त्याचे जोड कशानं केलेत, आत लेप कोणता, आधी काय भरलं होतं आणि आता त्यात काय, किती वेळ राहणार आहे, हे सगळं एकत्र धरावं लागतं.

स्टेनलेस स्टील असेल तर बहुतेक चिंता मिटतात, पण ते खरोखर स्टेनलेस आहे का आणि कोणत्या प्रतीचं, हे पाहायला हवं. अन्नाच्या कामाला नेहमी लागणारं ३०४ प्रतीचं स्टील म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वर दोन टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम असतं. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो, तोच खरा रक्षक. स्वस्त भांड्यांत २०१ प्रतीचं स्टील असतं. त्यात निकेल निम्म्यावर आणून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे ते जोडांपाशी आणि कडांना लवकर गंजतं. लोहचुंबक लावून पाहायची सवय चांगली आहे, पण तिच्या मर्यादा ओळखा. ३०४ आणि २०१ दोन्हींना चुंबक चिकटत नाही, म्हणजे त्या दोघांतला फरक चुंबकानं कळत नाही. उलट ३०४ चा पत्रा जिथे ठोकून-दाबून वळवलेला असतो तिथे चुंबक थोडासा ओढला जातो, तेवढ्यावरून भांडं बाद करू नये. चुंबक सगळीकडे घट्ट चिकटला तर मात्र ते एकतर ४३० सारखं निकेल नसलेलं स्टील आहे किंवा मुलामा दिलेलं साधं लोखंड. ३०४ की २०१ हे ठरवायला मँगनीज ओळखणारं द्रावण मिळतं; थेंब टाकून रंग पाहायचा. उकळायला मी दोन्ही चालवून घेईन, आठवडेच्या आठवडे आंबवायला ३०४ च घेईन.

जुन्या स्टेनलेसमध्ये गंजाचा ठिपका दिसला की घाबरायचं कारण नाही, पण तो कुठून आला ते पाहा. तारेच्या घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुतून गंजले असतील तर ते ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या पावडरीनं मऊ कापडानं घासून निघतात. ब्लीचमुळे किंवा खारट पाणी साचून राहिल्यामुळे खड्डे पडले असतील तर वरचा गंज निघेल, खड्डा राहील. नख फिरवून पाहा. नख अडकत असेल तर ते भांडं आंबवण्यातून बाद, कारण त्या खड्ड्यात जंतुनाशकही नीट पोचत नाही आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. उकळायला ते चालू शकतं.

ॲल्युमिनियमबद्दल लोकांच्या मनात गरजेपेक्षा जास्त भीती आहे आणि चुकीच्या जागी आहे. स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियमचा अल्झायमरशी संबंध सिद्ध झालेला नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४.५ ते ८.५ या पट्ट्यात टिकतो, म्हणून वर्ट उकळायला ते उत्तम. उष्णता चांगली पसरते, भांडं हलकं असतं. पण तयार बिअरचा पीएच त्या पट्ट्याच्या खालच्या काठावर किंवा त्याखाली असतो, त्यामुळे लेप नसलेल्या ॲल्युमिनियममध्ये बिअर आंबवू किंवा साठवू नये. पेयांच्या ॲल्युमिनियम कॅनना आतून लेप असतो तो याच कारणानं. जुनं पातेलं वापरण्यापूर्वी काठोकाठ पाणी भरून अर्धा ते एक तास उकळा. आतला भाग करडा पडेल. तो मळ नाही, तो थरच आहे. घासून चकाचक करू नका. सगळ्यात मोठी चूक पुढे होते: कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा परकार्बोनेटची पावडर (प्राणवायू सोडणारी अल्कलीयुक्त सफाईची पावडर) यांनी ॲल्युमिनियम धुणं. अल्कली तो थर खाते, बुडबुडे येतात (तो हायड्रोजन असतो) आणि धातू काळा पडून खरवडला जातो. साधा भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज पुरे.

आता तांब्याचं पातेलं. वर्ट उकळायला तांबं पूर्वापार वापरलं जात आलं आहे आणि त्यात तथ्य आहे. उकळताना उतरलेलं थोडं तांबं गाळाबरोबर बसतं, काही यीस्ट शोषून घेतं, आणि गंधकाचे नको असलेले वासही त्यामुळे कमी होतात. पण यीस्ट निघून गेल्यावर, तयार आम्ल बिअरमध्ये उतरलेलं तांबं तसंच राहतं. ते बिअर लवकर शिळी करतं, कारण प्राणवायूच्या अभिक्रियांना ते वेग देतं, आणि प्रमाण वाढलं तर पोटात ढवळतं, उलट्या होतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठेवली आहे. आम्ल द्रव तांब्यात दिवसच्या दिवस राहिला तर तो कळकणारच. भांड्यात हिरवट-निळा थर दिसला तर तो विषारी आहे असं समजून व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं पूर्ण काढा, धुवा, मगच पुढचं काम.

त्या पातेल्यात खरी अडचण तांब्याची नाही, कल्हईची आहे. कथील स्वतः निरुपद्रवी आहे. पण कल्हईच्या कथिलात शिसं मिसळलेलं आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तुमच्या पातेल्याच्या बाबतीत दोनच मार्ग आहेत: पुढे सांगितलेली चाचणी करून घ्या, किंवा जुनी कल्हई पूर्ण उतरवून शुद्ध, शिसेविरहित कथिलाची नवी करून घ्या आणि मग चाचणी करा. दुसरा मार्ग घेतला तरी पातेलं रिकामं तापवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं. चाचणीत पास झालं तर त्यात उकळा, वर्ट थंड झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, पातेलं लगेच धुऊन कोरडं करा.

पितळेच्या तोट्या आणि जोड जुन्या भांड्यांवर हमखास असतात. यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून तोट्यांच्या पितळेत काही टक्के शिसं घातलेलं असतं आणि कापताना ते पृष्ठभागावर पसरतं. पृष्ठभागावरचं हे शिसं काढता येतं: पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर दोन भाग आणि तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग, पाच ते दहा मिनिटं. पितळ लोणी-पिवळं झालं की बाहेर काढा. द्रावण हिरवं झालं तर जास्त वेळ ठेवलंत, तांबं उतरायला लागलं आहे. हे उकळण्याच्या भांड्यावरच्या तोटीपुरतं ठीक. आंबवण्याच्या भांड्याला पितळ लावूच नका, स्टेनलेसची तोटी घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्याला पितळेची तोटी जोडली तर दोन वेगळ्या धातूंमुळे ॲल्युमिनियम जोडापाशी खात जातं, तेवढं लक्षात ठेवा.

दुधाच्या कॅनवर जास्त बोलायला हवं, कारण लोकांना तो सर्वांत निर्धोक वाटतो. दूध ठेवत होते म्हणजे अन्नाचंच भांडं, हा विचार चूक नाही, पण अपुरा आहे. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो आणि ते कॅनमध्ये काही तास राहतं. त्या कामासाठी केलेलं भांडं ४.२ पीएचच्या द्रवाला तीन आठवडे तोंड देईल असं त्याच्या बनवणाऱ्यानं कधी गृहीत धरलेलं नव्हतं. असे कॅन तीन प्रकारचे सापडतात: स्टेनलेसचे, ॲल्युमिनियमचे आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे. तुमच्या वर्णनात आतून गंज आहे आणि जोडावर चंदेरी रेघ आहे. ही खूण तिसऱ्या प्रकाराची. ती रेघ म्हणजे डाख, सोल्डर. जुना डाख बहुधा कथील आणि शिसं मिसळून केलेला असतो, त्यात शिसं चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतं. सुरीच्या टोकानं खरवडला की मऊ लागतो आणि आत चकाकतो. वेल्डिंगचा जोड कठीण असतो आणि त्यावर खवल्यांसारख्या लाटा दिसतात. मात्र शिसेविरहित डाखही दिसायला असाच असतो, म्हणून नजरेनं त्याला निर्दोष ठरवता येत नाही.

शिशाबाबत मी कुठलीही सवलत देत नाही. ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, हाडांत साठतं. त्याची सुरक्षित अशी पातळी मानली जात नाही, आणि मुलं व गर्भवती स्त्रिया यांना धोका सर्वांत जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे तांब्याच्या दोनशेव्या भागाइतकी. त्याची चव कळत नाही, वास येत नाही, बिअर उत्तम लागते. 'इतक्या बारीक रेघेतून किती उतरणार' या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं देऊ नये. डाख भरलेल्या कॅनमध्ये आंबवणं नको, हेच खरं.

आणि शिसं नसलं तरी उघडं पडलेलं लोखंड आहेच. लोखंड विषारी नाही, पण आम्ल बिअरमध्ये ते उतरतं, रक्तासारखी धातूची चव येते, रंग गडद होतो आणि बिअर गढूळ व शिळी होते. लोखंडावर पुन्हा मुलामा देऊन घेण्यापेक्षा दुसरं भांडं शोधणं सोपं.

जस्ताचा लेप दिलेल्या, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड बादल्या आणि टाक्या लगेच बाजूला काढा. त्यांवर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते, किंवा जुन्या असतील तर मळकट पांढरी भुकटी. जस्त आम्लात झपाट्यानं विरघळतं आणि त्यामुळे मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. लेपात शिसं आणि कॅडमियमचे अंशही असू शकतात. यीस्टला जस्त लागतं, म्हणून थोडं उतरलं तर फायदाच, असं म्हणणारे भेटतात. यीस्टला लागतं ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या एका लहान अंशाएवढं. बादली ते मोजून देत नाही. असाच धोका लहान सुट्या भागांचा. सोनेरी-इंद्रधनुषी झाक असलेल्या जुन्या नट-बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, आणि जुन्या पद्धतीच्या चांदीच्या डाखात कॅडमियम चोवीस टक्क्यांपर्यंतही असे. द्रवाला लागणारा प्रत्येक नट, वॉशर आणि जोड स्टेनलेसचा हवा.

एनॅमलची भांडी आतून अखंड असतील तर उकळायला चांगली. टवका उडाला की तिथून लोखंड गंजतं आणि टवक्याची कड पुढे उडत राहते. आत लाल, नारिंगी किंवा भडक पिवळा रंग असलेलं जुनं एनॅमल मी चाचणीशिवाय घेत नाही, कारण त्या रंगांसाठी कॅडमियमची संयुगं वापरत, आणि जुन्या एनॅमलमध्ये शिसंही असू शकतं.

पिंपाबाबत मत का ठाम आहे ते सांगतो. धातूचा प्रश्न तपासून सुटतो, अज्ञात भूतकाळाचा सुटत नाही. कीटकनाशक, तेल, विरघळवणारी द्रव्यं यांचे अंश पिंपाच्या कडांच्या दुमडीत, झाकणाच्या गॅस्केटमध्ये आणि आतल्या लेपात मुरतात. प्रयोगशाळा तुम्ही जे शोधायला सांगाल तेच शोधते, आणि काय शोधायचं हेच माहीत नसेल तर 'काही सापडलं नाही' या निकालाला अर्थ उरत नाही. पिंपावर वर्तुळातलं 'यूएन' चिन्ह आणि पुढे १ए१ किंवा १ए२ असा संकेत ठोकलेला आहे का पाहा. त्याचा अर्थ ते घातक माल वाहण्यासाठी तपासून मंजूर केलेलं लोखंडी पिंप आहे. १ए१ चं तोंड कायम बंद, १ए२ चं झाकण सुटं. चिन्ह असलं म्हणजे आत विषच होतं असं नाही, पण चिन्ह नसलं म्हणजे नव्हतं असंही नाही. आतला पिवळसर लेप बहुधा इपॉक्सी-फिनॉलिक प्रकारचा असतो. मूळ माल न तापवता साठवण्यासाठी तो दिलेला असतो, ज्योतीवर उकळण्यासाठी नाही. आणि 'जाळून लेप काढू' किंवा 'कटरनं वरचं तोंड कापू' हे तर अजिबात करू नका. बंद पिंपात उरलेल्या थोड्याशा द्रवाची वाफसुद्धा ठिणगीनं पिंप फोडू शकते, आणि क्लोरिनयुक्त द्रव्याचे अंश तापले तर फॉस्जीनसारखे विषारी वायू निघू शकतात. गॅसचे सिलिंडर, अग्निशामक नळकांडी, शीतकाच्या टाक्या, पाणी तापवण्याच्या जुन्या टाक्या हे सगळं याच रांगेत.

दाबाचा धोका प्रश्नात आलेला नाही, पण कॅनला घट्ट झाकण आहे म्हणून सांगायलाच हवा. १.०५० घनतेचा एक लिटर वर्ट आंबताना साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. वीस लिटरच्या घाण्यातून चारशे लिटर वायू निघतो. झाकण घट्ट बसवलं तर तो जाणार कुठे? तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर केवळ एक बार दाब आला तरी एकूण जोर सातशे किलो वजनाएवढा होतो. ज्या भांड्यावर चालू दाबाची मर्यादा ठोकलेली नाही आणि दाब सोडणारी झडप नाही, ते कधीही हवाबंद करू नका. वायू जायला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची छोटी झडप) किंवा पाण्यात सोडलेली नळी हवीच, आणि खोली लहान व बंद असेल तर खिडकी उघडी ठेवा.

जुनी केग (बिअर किंवा शीतपेय दाबाखाली ठेवायचं धातूचं पिंप) मिळत असेल तर तीच घ्यावी असं माझं मत. एकोणीस लिटरची कॉर्नेलियस प्रकारची केग स्टेनलेसची असते, तिच्यावर चालू दाबाची मर्यादा ठोकलेली असते (बहुधा १३० पीएसआय, म्हणजे ९ बारच्या आसपास) आणि झाकणावर झडप असते. उघडण्यापूर्वी झडप ओढून दाब पूर्ण सोडा. झडप नसेल तर गॅसच्या बाजूची पिन दाबून सोडा. आत पूर्वी गोड पेय होतं तर त्याचा वास रबरात मुरलेला असतो, कितीही धुतलं तरी जात नाही. म्हणून पाचही ओ-रिंग (रबरी कड्या) बदला: झाकणाची एक, आतल्या दोन नळ्यांच्या दोन, दोन पोस्टच्या (बाहेरची नळी जोडायच्या तोंडांच्या) दोन. मोठ्या व्यावसायिक केगमधली मधली नळी मात्र दाब असताना काढणं जीवघेणं आहे. तिला धरून ठेवणारी रिंग सुटताच ती वर उसळते. आधी झडप दाबून सगळा वायू सोडायचा, आपला चेहरा बाजूला ठेवायचा, मगच रिंगला हात लावायचा. अशा केगवर बहुधा ब्रूअरीचा मालकीहक्क असतो, तोही विकणाऱ्याकडे तपासा. घरी बिअर करण्याचे नियम जागोजाग वेगळे आहेत, ते सुरुवातीलाच पाहून घ्या.

केग कापून पातेलं करायचं असेल तर तोटीसाठी वेल्डिंग टाळून सिलिकॉन वॉशरचा, नटानं आवळायचा जोड बसवा. वेल्डिंग करायचंच असेल तर करणाऱ्याला आतून आर्गॉन सोडायला सांगा. नाहीतर आतल्या बाजूला काळी खडबडीत खपली येते, ती गंजते आणि तिच्यात मळ धरतो. ती काढायच्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, घरी हाताळायची वस्तू नाही ती.

आता चाचणी. रंग बदलणाऱ्या शिशाच्या स्वॅबपट्ट्या मिळतात. पट्टी रंगली तर भांडं बाद, इतका उपयोग नक्की. पट्टी रंगली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती फक्त वरचा पृष्ठभाग पाहते. खरी चाचणी उतरणाऱ्या धातूची. भांडं स्वच्छ धुवा. चार टक्के ॲसेटिक ॲसिड (साधं पांढरं व्हिनेगर याच ताकदीच्या जवळ असतं) एवढं ओता की संशयित जोड किंवा लेप बुडेल. झाकून खोलीच्या तापमानाला चोवीस तास ठेवा. ढवळून पाव लिटर नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. त्याच व्हिनेगरचा, भांड्याला न लागलेला, दुसरा नमुना वेगळ्या बाटलीत द्या. प्रयोगशाळेला दोन्हींत शिसं आणि कॅडमियम मोजायला सांगा, तांब्या-पितळेला तांबं व जस्तही, स्टेनलेसला क्रोमियम व निकेल. न लागलेल्या नमुन्यापेक्षा शिसं किंवा कॅडमियम जास्त निघालं तर भांडं बाद. व्हिनेगर बिअरपेक्षा बरंच जास्त आम्ल असल्यानं ही परीक्षा कडक आहे, म्हणून पास झालेल्या भांड्यावर विश्वास ठेवता येतो. फक्त हा निकाल आजच्या पृष्ठभागाचा आहे. कल्हई झिजली, टवका उडाला, जोड खरवडला गेला की तो रद्द झाला असं धरा.

स्टेनलेसचं जुनं भांडं पास झालं तर पहिल्या वापराआधी असं तयार करा. परकार्बोनेट लिटरमागे पाच ते आठ ग्रॅम, साठ अंशांच्या पाण्यात, अर्धा तास. नायलॉनच्या ब्रशनं घासा, तार नको. धुवा. जुना दगडासारखा पांढरट थर असेल तर तो अल्कलीनं जात नाही, आम्लानं जातो. मग लिंबूसत्त्व लिटरमागे पन्नास ग्रॅम, पन्नास ते साठ अंशांच्या पाण्यात, अर्धा तास: यानं रुतलेले लोखंडी कण निघतात आणि क्रोमियमचा थर नीट धरतो. भरपूर पाण्यानं धुऊन उपडं न ठेवता तिरकं, हवा खेळेल असं वाळवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. नंतर आतून ओलं करून रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस ठिपके दिसले तर त्या जागा पुन्हा घासून लिंबूसत्त्वाची पायरी परत करा. दुसऱ्यांदाही तिथेच आले तर त्या भांड्यात आंबवू नका. तोटी खोलून गोळ्यामागचा मळ काढा, चेंडूझडपेत (बॉल व्हॉल्व्हमध्ये) तो कायम अडकून राहतो. तीन तुकड्यांत सुटणारी झडप घेतली तर हे काम सोपं होतं. जंतुनाशक म्हणून फॉस्फरिक ॲसिडवर आधारित, न धुता चालणारं द्रावण लिटरमागे दीड मिलिलिटर, दोन मिनिटं. स्टीलला ब्लीच लावून ठेवू नका, आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल मिसळू नका; क्लोरिन वायू निघतो.

तुमच्या कॅनचा एक चांगला उपयोग आहे. वरची मान कापून रुंद तोंड करता आलं तर त्यात थंड पाणी भरा आणि आत झाकण व एअरलॉक असलेली अन्नासाठीची प्लास्टिकची बादली ठेवा. आंबणं जोरात चालू असताना बिअर खोलीपेक्षा बरेच अंश गरम होते आणि त्यानं वास बिघडतो. हे पाणी ती उष्णता ओढून घेतं. कापताना डाखाच्या जागी तापवू नका, हाताच्या कात्रीनं कापा, कड दुमडून घ्या. कॅनमध्ये प्लास्टिकची पिशवी घालून थेट त्यात आंबवण्याची युक्ती मात्र करू नका, कारण पिशवीला बारीक भोक पडलं तर ते बिअर संपल्यावरच कळतं.